प्रतिसाद: किनाऱ्याजवळ कुंपणाचे सिमेंट खांब उभे का तडकतात?

दादा, गुहागरच्या बागेतले खांब तडकले म्हणून सळी जाड घालू नका. खारी हवा सळीपर्यंत पोचली की गंज फुगतो आणि काँक्रीट सळीच्या रेषेतच फुटतं. वाढवायचं ते कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनाऱ्यासाठी ४५ मिमी कव्हर सांगतं. चार इंची खांबात दोन्ही बाजूंना तेवढं बसणारच कसं? निदान सहा इंची ओता, सळी साच्यापासून लांब धरणारे ठोकळे (कव्हर ब्लॉक) लावून. खाडीची वाळू तर नकोच, कितीही स्वस्त मिळो. स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं) चांगलं, पण त्यावर जास्त दिवस पाणी मारावं लागतं, आणि तिथेच सगळे कंटाळतात. तारेसाठी सळीला बांधलेले हुक बाहेर काढू नका, गंज तिथूनच आत शिरतो. ओततानाच पीव्हीसी नळीचे तुकडे आडवे ठेवून भोकं ठेवा. कोपऱ्यातल्या खांबांना तिरके टेके हवेतच.