घार आणि घोरपड: वजनाचं गणित

कुणीतरी लिहिलंय की मुंबईतल्या आरेच्या जंगलात घार मोठी घोरपड उचलून नेते. वजनावरच हे अडतं. आपल्या काळ्या घारीचं वजन एक किलोच्या आतबाहेर, तर पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसकट दीड मीटरच्या पुढे जाऊ शकते आणि काही किलो भरते. शिवाय घारीचे पंजे गरुडाच्या मानाने लहान आणि कमजोर. ती झडप घालून उंदीर, मासळीचे तुकडे, मेलेलं उचलते, झुंजत नाही. घोरपडीचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू मात्र ती नेऊ शकते. बोरिवलीच्या जंगलातला सर्पगरुड घारीहून समर्थ, पायांवर जाड खवले असलेला.

घोरपडीची खरी ताकद दमात आहे. बहुतेक सरडे पळताना नीट श्वास घेऊ शकत नाहीत, कारण बरगड्यांचे तेच स्नायू पळण्यात गुंततात. घोरपड गळा फुगवून हवा फुप्फुसांत ढकलते, म्हणून ती न थकता जास्त वेळ पळू शकते. दुभंगलेल्या जिभेने वास टिपत ती बिळातली अंडी हुडकते. घारीचा भर नजरेवर.

दोघींना ऊन हवंच: एकीला अंग तापवायला, दुसरीला तापून वर चढणाऱ्या हवेवर घिरट्या घालायला. सकाळी गारठलेली घोरपड सुस्त दिसते, म्हणून तिला आजारी समजून उचलू नका.