स्टारफील्ड: लोडिंग आणि पायपीट

स्टारफील्ड या अंतराळातल्या व्हिडिओ गेमबद्दल दोन तक्रारी ऐकू येतात: 'दर दारामागे लोडिंग' (पुढचा भाग उघडेपर्यंत थांबणं) आणि 'नुसती पायपीट'. पहिली निम्मी पटली. पडदा काळा होतोच, पण किती वेळ, ते कॉम्प्युटरच्या डिस्कवर अवलंबून आहे. गेमला एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) सक्तीची आहे, जागा १२५ जीबी. इथे सोलापुरात मावसभावाने जुन्या हार्डडिस्कवरच चढवला. पात्रांचे ओठ हलून थांबायचे, आवाज मागनं यायचा. एसएसडी बसवली, कटकट मिटली. सुरुवातीचा खाणीतला भाग मात्र रटाळ तो रटाळच. गेममधली अंतराळजहाजाची बांधणी एक नंबर, उन्हाळ्याच्या दुपारी तर दुसरं काही सुचत नाही.

'नुसती पायपीट' ही तक्रार आता शिळी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये गेम आला तेव्हा शहरांचा धड नकाशाही नव्हता, खरंय. तो मे २०२४ च्या अपडेटमध्ये मिळाला, ऑगस्टमध्ये ग्रहांवर पळवायला गाडीसुद्धा. जुनी आवृत्ती खेळताय का, ते आधी बघा.