माळरानावर शेती आणि वस्ती नेमकी कधी आली?

प्रश्न (मोहोळ तालुका, सोलापूर जिल्हा)
आमच्या गावाच्या उत्तरेला मुरमाड माळ आहे. आज तेथे डाळिंबाच्या बागा आहेत, पण आजोबांच्या लहानपणी तेथे गवत आणि मेंढरांखेरीज काही नव्हते. ओढ्याकाठच्या काळ्या रानात मात्र शाळू किती पिढ्या पिकतो आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर आणि तोही लहरी पाऊस असलेल्या मुलखात लोकांनी गावे वसवली ती कशाच्या भरवशावर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
याचे उत्तर पावसापेक्षा मातीत अधिक सापडते. भीमेच्या खोऱ्यातच, घोड नदीकाठच्या इनामगावला, इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात उजेडात आली. तेथे सातूचे पीक मुख्य होते आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी पाटही काढलेला होता. पुढे हवामान कोरडे झाले तशी मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेतीपेक्षा जनावरांवर अधिक विसंबू लागले.

आपल्याकडची काळी जमीन भाद्रपद-आश्विनातला पाऊस पोटात साठवते. म्हणून पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या देऊन रान मोकळे ठेवायचे, सप्टेंबरच्या मध्यानंतर ज्वारी पेरायची आणि पुढचे चार महिने पावसाचा थेंब न पडताही जमिनीतल्या ओलीवर पीक उभे करायचे, ही मंगळवेढ्याची रीत खरोखर थक्क करणारी आहे. माळावर हातभर खोदले की मुरूम लागतो, त्यामुळे ओल टिकत नाही. तेथे बरे वर्ष असेल तर बाजरी, हुलगा, मटकी, नाहीतर गवत. जुन्या कागदांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत.

उत्तर २
वरील विवेचनात महसुलाची बाजू जोडावीशी वाटते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३० च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाहणीनुसार बसवलेला सारा (जमिनीवरील कर) इतका जड ठरला की शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या आणि काहींनी गावेही सोडली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी दर उतरवून तीस वर्षांसाठी कायम केल्यावर पडीक रान पुन्हा नांगराखाली आले. माळावरची शेती अनेकदा साऱ्याच्या दराबरोबर पुढे सरकली आणि मागे हटली, असे माझे मत आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने हा मुलूख पुन्हा उजाड केला. कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये सोलापुरातच सुरू झाले, याची पार्श्वभूमी हीच आहे.

उत्तर ३
माळाला ‘पडीक’ म्हणण्यास मात्र माझी हरकत आहे. धनगरांची मेंढरे पावसाळ्यात माळावर चरत आणि सुगीनंतर काळ्या रानात बसवली जात. त्यांच्या लेंड्यांचे खत शेताला मिळे आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देत. गवत होते म्हणूनच काळीचा कस टिकला. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षीही याच गवतावर जगला. आज सरकारी दप्तरातला ‘पडीक’ शब्द पाहून माळ फोडले जातात, याचे मला फार वाईट वाटते.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आमचे गावठाणही ओढ्याच्या उंच काठावर आहे आणि तेथील माती खरोखरच पांढरी आहे; याकडे मी आजवर कधी लक्षच दिले नव्हते. आता तलाठी कार्यालयात जाऊन डाळिंबाच्या गटाची पूर्वीची नोंद गायरानाची होती का, हे पाहणार आहे.