रोज पावडर टाकूनही केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) उतरतंय, पीएच चढत नाही. कुठे चुकतंय?

नवीटाकी_पुणे

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची पहिलीच टाकी आहे, चार महिने झाले. माप ९० × ४५ × ४५ सेंमी. दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १५० लिटर. बेडरूममध्ये आहे, रात्री एसी चालू आणि खिडक्या बंद. सगळे मऊ प्रवाळ आहेत: झोअँथस, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप, एक टोडस्टूल लेदर. सोबत दोन क्लाउनफिश.

आजची मोजमापं:
क्षारता म्हणजे खारटपणा ३५ पीपीटी, हजारात ३५ भाग (रिफ्रॅक्टोमीटर, आरओच्या पाण्यावर शून्य करून)
तापमान २६.५
पीएच सकाळी ७.८, संध्याकाळी ८.१
केएच ७.२ (दहा दिवसांपूर्वी ८.०)
कॅल्शियम ३४०, मॅग्नेशियम ११८० (पीपीएम, लिटरमागे मिलिग्रॅम)
नायट्रेट ०, फॉस्फेट ०

दहा दिवस रोज सकाळी पाव चमचा पीएच वाढवायची पावडर टाकतोय, वजनाने १.२ ग्रॅम. डब्यावर सोडियम कार्बोनेट लिहिलं आहे. टाकल्यावर पाणी तासभर दुधाळ होतं. हीटर आणि वेव्हमेकरवर (पाणी हलवणारा पंखा) पांढरा थर धरलाय. या दहा दिवसांत पाणी बदललेलं नाही. रोज दोनेक लिटर उडतं, ते स्वयंपाकघरातल्या आरओने भरतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची बाटली आणू का? आणि पुढे हॅमर कोरल घ्यायचा विचार आहे, त्यासाठी आणखी काय लागेल?

---

पांढराथर

बाटल्या आणू नका. पावडर आजपासून बंद.

तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू या. १५० लिटर पाण्यात केएच १ ने वाढवायला सोडियम कार्बोनेट लागतं सुमारे २.८ ग्रॅम. तुम्ही दहा दिवसांत १२ ग्रॅम टाकलंत, म्हणजे केएच ४.२ ने वाढायला हवा होता. उलट तो ०.८ ने उतरला. एकूण ५ केएच गायब. केएच १ ने घटतो तेव्हा त्याच्या जोडीला सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जातं, म्हणजे ३५ पीपीएम तेही गेलं असणार. दोन्ही मिळून झालं कॅल्शियम कार्बोनेट, १५० लिटरमागे साधारण १३ ग्रॅम. मऊ प्रवाळ सांगाडा बांधत नाहीत. ते दहा दिवसांत एवढं खाणं शक्यच नाही. दगडांवरचं जांभळं शेवाळ खातं, पण थोडं. तुमचे १३ ग्रॅम हीटरवर आणि वेव्हमेकरवर बसले आहेत.

असं का होतं? कार्बोनेट पाण्यात पडतं त्या जागी पीएच एकदम चढतो आणि कॅल्शियम तिथल्या तिथे खडूसारखं बाहेर पडतं. तोच तुमचा दुधाळपणा. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थर आधी हीटरवर. मॅग्नेशियम या स्फटिकांची वाढ रोखून धरतं. ते कमी असलं की थर आणखी पटकन धरतो.

आता पीएच. बंद खोलीत रात्रभर माणसं श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि सकाळी ७.८ दिसतो. तो हवेचा दोष आहे, पावडरीने जाणार नाही. खात्री करायची तर सकाळी ग्लासभर टाकीचं पाणी बाल्कनीत न्या, एअर पंपाचा दगड सोडून तासभर हवा द्या आणि पीएच मोजा. चढला तर दोष खोलीचा. मग झोपण्याआधी खिडकी बोटभर उघडी ठेवा, किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणारं यंत्र) हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर सोडा. ७.८ ते ८.१ या पट्ट्यात मऊ प्रवाळ नीट जगतात. बरेचदा ७.८ पेक्षा ८.३ च्या मागे लागूनच टाकी बिघडते.

---

क्षारमापी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण मॅग्नेशियम ११८० चं कोडं त्याने सुटत नाही. मॅग्नेशियम इतक्या लवकर संपत नाही. समुद्राच्या पाण्यात ३५ पीपीटीला ते सुमारे १२९० असतं. ११८० भागिले १२९० म्हणजे ०.९१५, ३५ चे ०.९१५ म्हणजे ३२. मला तुमच्या क्षारतेच्या आकड्याचीच शंका आहे. ३२ पीपीटीला कॅल्शियम मुळातच ३७५ च्या आसपास हवं. त्यातून वरच्या हिशेबातले ३५ गेले की ३४० उरतात. नेमका तुमचा आकडा.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य केला तरी ३५ जवळ तो दोन-तीनने चुकू शकतो. जिथे मोजायचं त्याच आकड्यावर तो जुळवायला हवा. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं. घरी करायचं तर ३.६५ ग्रॅम साधं मीठ (सागरी नव्हे) घेऊन त्यात पाणी घालत एकूण वजन बरोबर १०० ग्रॅम करा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. त्याचा थेंब ठेवून स्क्रू ३५ वर आणा. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. तरंगत्या हायड्रोमीटरला किंवा इलेक्ट्रॉनिक मीटरला चालणार नाही.

केएच टेस्टची सिरिंज वाचताना दट्ट्याच्या काळ्या टोकाची तीच कड दरवेळी धरा, आणि मोजणी रोज एकाच वेळी करा.

---

शून्यटीडीएस

स्वयंपाकघरातला आरओ टाकीसाठी नाही. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो; चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काही मशीनमध्ये वर तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला ते चालतं, पण खेकडे, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंही विषारी. तुमच्या मशीनच्या डब्यावर कॉपर लिहिलं असेल तर ते पाणी आजच थांबवा, ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि तांब्याची टेस्ट करा.

तांबं नसलं तरी वाफ होते ती शुद्ध पाण्याची, बाकीचं मागे राहतं. रोज २ लिटर, ६० टीडीएस, १२० दिवस: १४.४ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ९६ मिलिग्रॅम नळाचा गाळ. त्यातल्या सिलिकावर काचेवरचं तपकिरी शेवाळ पोसतं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळी जोडा, कंट्रोलर वगळून. मीटर ० दाखवायला हवा. १ किंवा २ दिसला की रेझिन बदला.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य ही चांगली बातमी नाही, झोअँथस उपाशी राहून मिटतात. फॉस्फेट शोषणारं काही लावलं असेल तर काढा आणि माशांना दिवसातून दोनदा खायला द्या. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू दे.

---

नवीटाकी_पुणे

द्रावण करून पाहिलं, मीटरने ३८ दाखवलं! जुळवल्यावर टाकी ३२. बाल्कनीतल्या ग्लासात पीएच तासाभरात ७.८ वरून ८.१. आरओवर तांब्याचा उल्लेख नाही, डीआयची नळी मागवली. आता क्षारता एकदम ३५ करू का? मिठाच्या पिशवीवर केएच ८ लिहिलंय.

---

क्षारमापी

एकदम नको. रोज उडणारे २ लिटर आठवडाभर गोड्या पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने भरा: २ लिटर डीआय पाण्यात साधारण ७६ ग्रॅम सागरी मीठ. रोज अर्ध्या पीपीटीने चढेल, सहा-सात दिवसांत ३५. त्या दिवशी पुन्हा गोडं पाणी सुरू. मीठ नेहमी हलत्या पाण्यात घाला. मिठावर पाणी ओतलं की तळाशी घट्ट द्रावण होतं आणि तिथेही खडू बसतो.

एवढ्यानेच मॅग्नेशियम १२९० जवळ येईल, केएच ७.९ आणि कॅल्शियम ३७५ होईल. बाटली न उघडता.

---

पांढराथर

त्यानंतर चार दिवस काहीही न टाकता केएच मोजा. जवळजवळ जागचा हलला नाही तर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलणं पुरेल. उतरत राहिला तरच खायचा सोडा: १५० लिटरला १ केएचसाठी ४.५ ग्रॅम, म्हणजे रोज ०.२ ची घट भरायला ०.९ ग्रॅम. पाव लिटर डीआय पाण्यात विरघळवून वेव्हमेकरच्या झोतात हळूहळू सोडा. दिवसाला ०.५ केएचपेक्षा जास्त चढवू नका. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं.

कॅल्शियम ३७५ वरून ४१० ला न्यायचं तर कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट एकूण १९ ग्रॅम, चार दिवसांत विभागून. विरघळताना तापतं, गार होऊ द्या. सोडा सकाळी तर हे रात्री. दोन्ही एका वेळी एका जागी पडले की तोच खडू.

हॅमरचा विचार सोडा. तो कठीण प्रवाळ आहे. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. दुकानात दिसतो म्हणून घेऊ नका. मालवणच्या किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा टाकीसाठी उचलू नका. टोडस्टूलच वाढू द्या, जागा तीच भरून काढेल.

हीटरचा प्लग काढून पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मगच पाण्याबाहेर घ्या. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास बुडवा. वायरचं टोक आणि प्लग कोरडे ठेवा. थर बुडबुडे सोडत निघेल. वेव्हमेकरचा पंखा सुटा करून तसाच धुवा, आतल्या चुंबकावर खडू राहिला तर मोटर तापत राहते.