नातवंडे मोठी झाली. वाढदिवसाच्या आणि सणाच्या भेटी पाठवत राहावे का? सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्ही पतिपत्नी साताऱ्यात राहतो आणि माझ्या निवृत्तिवेतनात आमचे व्यवस्थित भागते. मुलगी पुण्यात असते, मुलगा न्यू जर्सीत. मुलीचा मोठा मुलगा तेवीस वर्षांचा असून गेल्या वर्षी नोकरीला लागला आहे. तिची धाकटी मुलगी अकरावीत आहे. मुलाकडे बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. या चौघांना वाढदिवस, दिवाळी आणि संक्रांत या निमित्तांनी काही ना काही पाठवण्याचा आमचा शिरस्ता त्यांच्या बारशापासून चालत आलेला आहे. तो पुढे चालू ठेवावा का, ठेवायचा तर कोणत्या वयापर्यंत आणि कोणत्या स्वरूपात, यावर आमच्या घरात एकमत होत नाही.

मुले लहान होती तोवर हा प्रश्न कधी पडलाच नाही. बारशाला चांदीचे वाळे, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळे झबले आणि हलव्याचे दागिने, पुढे रंगपेट्या, पुढे पुस्तके, असे सगळे वयाच्या मानाने आपोआप ठरत जाई. मोठ्या नातवासाठी आम्ही बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरत असू आणि अंक पोहोचला की त्याचा फोन येई. मात्र बारा-तेरा वर्षांनंतर आमचा अंदाज चुकू लागला. नातीला हौसेने शिवून पाठवलेला पंजाबी ड्रेस तिने एकदाही अंगाला लावला नाही, हे तिच्या आईकडून कळले. तेव्हापासून पुण्याला आम्ही पाकीट देतो, म्हणजे वर रुपयाचे नाणे चिकटवलेले ५०१ रुपयांचे, आणि भेट होणार नसेल तर तेवढीच रक्कम मोबाइलवरून पाठवतो. मोबाइलवरून पैसे पाठवले की समोरून हात जोडल्याचे एक चित्र येते. बहुतेक वेळा तेवढेच येते.

न्यू जर्सीची गोष्ट वेगळी आहे. तिकडे दरवर्षी गणपती उठले की आम्ही टपालाने पार्सल करत असू. त्यात भाजणीची चकली, कडबोळी, मुलांसाठी कपडे आणि दोन-तीन पुस्तके असत. चकली तुटू नये म्हणून सौभाग्यवती ती पत्र्याच्या डब्यात उभी रचून मधल्या फटींत कागदाचे बोळे भरते आणि झाकणाला चिकटपट्टी लावण्याचे काम माझ्याकडे असते. पार्सलचा खर्च आतल्या जिनसांच्या किमतीपेक्षा जास्त होतो, हे मुलगा अनेक वर्षे सांगत आला आहे आणि आम्ही ते कानाआड करत आलो आहोत. २०२५ साली मात्र आमचा इलाज चालला नाही. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली आणि त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले घेणे थांबवले. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील असे सुरुवातीला सांगण्यात आले होते, परंतु थोड्याच दिवसांत तेही बंद झाले. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, आणि त्या वर्षीची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. खाजगी कुरिअरचा दर ऐकून मीच परत फिरलो.

अशा रीतीने प्रथमच आमच्याकडून काहीही गेले नाही. आठ वर्षांच्या नातवाने “आजी, बॉक्स कधी येणार?” असे दोनदा विचारले. बारा वर्षांच्या नातीने विचारले नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, बरेच झाले, तुमची दगदग वाचली.” त्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही, तरी त्या दिवसापासून सौभाग्यवतीच्या मनाने घेतले आहे की आपले पाठवणे हे त्यांना ओझे वाटत असावे.

पुण्याची अडचण निराळी आहे. नातवाचा पहिल्या वर्षीचा पगारच माझ्या निवृत्तिवेतनाहून अधिक आहे. त्याला वाढदिवसाला ५०१ रुपये पाठवताना मलाच चमत्कारिक वाटते. त्याचे बंद करून त्याच्या बहिणीचे चालू ठेवले तर तो काही बोलणार नाही, पण त्याच्या लक्षात येईल. मुलीचे म्हणणे असे की दोघांचेही बंद करावे, कारण “त्यांना कशाचे कौतुक राहिलेले नाही.” सौभाग्यवतीचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. देणे आटले की येणे-जाणेही आटते, आणि नमस्काराला वाकलेल्या माणसाचे वय विचारून त्याच्या हातावर काही ठेवायचे नसते, असे ती म्हणते. मला दोघींचेही पटते, हीच खरी पंचाईत आहे.

आणखी एक बाब नमूद करतो. नातीच्या नावाने २०१५ साली, योजना निघाली त्याच वर्षी, जावईबापूंनी सुकन्या समृद्धीचे खाते उघडले आणि त्यात दरवर्षी मी ठरावीक रक्कम भरतो. ही रक्कम पाकिटांच्या कितीतरी पट आहे, परंतु नातीला तिची कल्पना नाही. तिला सांगावे का, आणि असे असताना वरच्या पाकिटांना काही अर्थ उरतो का, हेही विचारायचे आहे. ज्यांची नातवंडे वीस-पंचविशीत आहेत त्यांनी काय केले ते कृपया सविस्तर लिहावे. नातवंडांच्या वयाच्या वाचकांनी लिहिल्यास अधिक आनंद होईल.

प्रतिसाद (नाशिक)

आमच्याकडे पाच नातवंडे आहेत. आम्ही अठराव्या वाढदिवसाला एक मोठी भेट द्यायची आणि त्यानंतर थांबायचे, असा नियम केला आणि तो सर्वांना आधीच सांगितला. नियमाचा फायदा असा की कोणाचे बंद झाले, कोणाचे चालू आहे, यावरून कुजबुज होत नाही. तोटाही सांगते. सर्वांत मोठ्या नातीला त्या वर्षीच्या भाऊबीजेला काही दिले नाही तेव्हा ती सर्वांसमोर हसली आणि नंतर तिच्या आईपाशी रुसली. तिचा राग पैशांसाठी नव्हता. धाकट्यांच्या पंगतीतून आपल्याला उठवल्यासारखे तिला वाटले. तेव्हापासून वाढदिवसाच्या भेटी अठराला थांबतात, पण सणाच्या दिवशी घरात जो असेल त्याच्या हातावर, जावयापासून नातसुनेपर्यंत, सारखी रक्कम पडते. पाठवायची मात्र नाही. जो येईल त्याला. आपल्या सौभाग्यवतींचे नमस्काराचे म्हणणे मला योग्य वाटते, परंतु नमस्कार करायला माणूस समोर असावा लागतो.

प्रतिसाद (ठाणे)

पैसे आपले, नातवंडे आपली. एवढा विचार कशासाठी, काका? द्यावेसे वाटते तोवर द्यावे.

प्रतिसाद (कोल्हापूर)

मी कर सल्लागार म्हणून काम केले आहे, त्यामुळे व्यवहाराच्या बाजूने लिहितो. आजी-आजोबांनी नातवंडाला दिलेल्या भेटीवर, रक्कम कितीही असली तरी, घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. पन्नास हजारांची मर्यादा नात्याबाहेरच्या व्यक्तींकडून मिळालेल्या भेटींसाठी आहे. परंतु नातवंड अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असेल तर त्या पैशांवर मिळणारे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात धरले जाते. अठरा पूर्ण झाल्यावर ते मुलाचे स्वतःचे उत्पन्न ठरते. म्हणून मुदतठेवीसारखी मोठी भेट द्यायची असल्यास अठराव्या वर्षानंतर देणे अनेकदा सोयीचे पडते. वय वाढले की भेटी बंद कराव्यात असे आपण सगळे धरून चालतो, पण हिशेबाने पाहिले तर खरी देण्याची वेळ तेव्हाच सुरू होते.

सुकन्या खात्याबाबत आपल्याकडे सर्व नियमात आहे. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसताना त्यांनी स्वतः उघडलेली खाती १ ऑक्टोबर २०२४ पासून आईवडिलांच्या पालकत्वाखाली वर्ग करून घ्यावी लागतात. आपले खाते जावयांनीच उघडलेले असल्याने तो प्रश्न येत नाही. खाते उघडल्यापासून १५ वर्षे, म्हणजे २०३० पर्यंत, त्यात भरणा करता येईल. वर्षाला सर्वांचा मिळून दीड लाखाच्या वर जाऊ देऊ नये. मुलगी दहावी उत्तीर्ण झालेली असल्याने उच्च शिक्षणाच्या खर्चासाठी आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर खाते तिने स्वतः चालवायचे असते. तिला आज ना उद्या कळणारच आहे. बँकेच्या किंवा टपाल कचेरीच्या खिडकीवर कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेले बरे, आणि ते बारावीनंतरचा प्रवेश ठरण्याच्या आधी कळावे, कारण त्या रकमेवर तिचे काही बेत ठरू शकतात.

प्रतिसाद (पुणे)

आजोबा, मी आपल्या नातवाच्याच वयाचा आहे आणि आपण विचारले आहे म्हणून स्पष्ट लिहितो. कपडे पाठवू नयेत. माझ्या आजीने पाठवलेले शर्ट मी आभार मानून घेतो आणि त्यांतले निम्मे तसेच कपाटात आहेत. मोबाइलवर आलेल्या पैशांची गंमत वेगळीच आहे. मागच्या वाढदिवसाला आजोबांचे ५०१ रुपये आले तेव्हा मी कार्यालयात होतो. घ्यावेत तर लाज वाटत होती आणि परत पाठवणे हा त्यांचा अपमान झाला असता, म्हणून मीही हात जोडल्याचे चित्रच पाठवले. त्याच्यामागे बेपर्वाई नव्हती, काय लिहावे ते सुचले नव्हते. आपल्या नातवाचेही तसे असू शकेल.

मला विचाराल तर आता उलट दिशेनेही काही येऊ द्यावे. पहिल्या पगारातून मी आजीसाठी इरकल आणली, तर तिने तीन हजारांच्या साडीवर पाच हजारांचे पाकीट माझ्या खिशात कोंबले. त्यामुळे माझी साडी भेट न राहता उसनवारी झाली. आपला नातू काही आणेल तेव्हा ते मुकाट्याने ठेवून घ्या, एवढी विनंती आहे. बारा वर्षांच्या नातीने पार्सलबद्दल विचारले नाही याचाही फार अर्थ लावू नये. त्या वयात मी कोणालाच काही विचारत नव्हतो.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताईंनी पाठवणे आणि हातावर ठेवणे यांत केलेला फरक सौभाग्यवतीला ताबडतोब पटला. मला पटायला दोन दिवस लागले, कारण त्या हिशेबाने न्यू जर्सीच्या मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही. शेवटी आम्ही असे ठरवले आहे की नातवाला यापुढे मोबाइलवरून पैसे पाठवायचे नाहीत, तो येईल तेव्हा पाकीट मिळेल आणि रक्कम त्याच्या बहिणीइतकीच असेल. नातीला खात्याविषयी मे महिन्याच्या सुट्टीत, तिच्या वडिलांसमोर, पासबुक हातात देऊन सांगणार आहोत. पुण्याच्या चिरंजीवांची विनंती लक्षात ठेवली आहे, पण ती सौभाग्यवतीच्या हातून पाळली जाईल याची हमी देता येत नाही.

अमेरिकेच्या पार्सलचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सेवा सुरू करताना टपाल खात्याने जाहीर केलेल्या पद्धतीनुसार जकात इथेच, बुकिंगच्या वेळी, पाठवणाऱ्याकडून घेतली जाते. त्यामुळे तिकडे मुलांना काही भरावे लागत नाही, एवढे समाधान आहे. पार्सल लहान करून फक्त धाकट्याच्या नावाने पाठवावे, असे मी सुचवले होते. सौभाग्यवतीला ते मान्य नाही. बहिणीने विचारले नाही म्हणून तिचे नाव डब्यावरून काढायचे का, असा तिचा सवाल आहे. म्हणून नातीला यंदा आम्ही थेट विचारले की तुला साताऱ्याहून काय हवे. तिने आईच्या फोनवरून कळवले की कपडे नकोत, पुस्तके वाचता येत नाहीत, पण कडबोळी चालतील आणि ती भावाच्या डब्यात नकोत, वेगळ्या डब्यात हवीत. बारा-तेरा वर्षांच्या, मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलीसाठी पार्सलमध्ये आणखी काय घालता येईल, हे कोणाला सुचल्यास जरूर लिहावे. गणपतीनंतर बुकिंग करायचे आहे.