‘फॉल्टी टॉवर्स’: गाडीला चोप देण्याचा प्रसंग एवढा का हसवतो?

कोथरूडकर:
बीबीसीच्या या मालिकेतला ‘गूर्मे नाइट’ हा १९७५ सालचा भाग काल घरी पुन्हा पाहिला. बंद पडलेल्या गाडीला हॉटेलमालक बेसिल फांदीने झोडपतो, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मात्र तेवढाच तुकडा वेगळा पाहिला, तर निम्मेही हसू येत नाही. असे का व्हावे?

सदाशिवपेठी:
कारण हसू फांदीत नसून आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत आहे. गाडी गॅरेजला द्या, असे त्याची बायको सिबिल सुरुवातीलाच सांगते, पण हे गृहस्थ स्वतःच खटपट करत बसतात. पुढे मेजवानीच्या रात्री आचारी दारू पिऊन आडवा होतो, बाहेरून आणलेल्या शिजवलेल्या बदकात वेटर मॅन्युएलचा पाय पडतो आणि पुन्हा जेवण आणायच्या दुसऱ्या फेरीत तीच गाडी दगा देते.

डेक्कनवाला:
सहमत. शिवाय तो आधी गाडीला रीतसर ताकीद देतो, तीन आकडे मोजतो आणि चौकटीबाहेर पळतो. कॅमेरा मात्र निमूट गाडीवरच थांबतो. ती रिकामी चौकट मला फांदीहून अधिक आवडते. (स्कूटर तिरकी करून किका मारलेल्या पुणेकराला हे समजावून सांगावे लागत नाही.)

कोथरूडकर:
आभारी आहे. आज पहिल्या मिनिटापासून पाहतो.