मदत हवी आहे : जुनं पोपटी बाथरूम तोडू की वाचवू?

मंडळी, अमळनेरला आमचं जुनं घर आहे. बाथरूम नखशिखांत पोपटी : चार बाय चारच्या टाइल्स, बेसिन, कमोडसुद्धा. कमोडच्या फ्लश टाकीचं झाकण फुटलं. त्या रंगाचं जळगाव-धुळ्यात कुठेच मिळालं नाही.

एक मिस्त्री म्हणतो, सगळं तोडा. दुसरा म्हणतो, जुन्यावरच ॲडहेसिव्हने नव्या टाइल्स चिकटवू. नाण्याने ठोकून पाहिलं. बाकी भिंती ठणठणीत, पण नळाखालच्या ओळींमधून पोकळ आवाज येतो, म्हणजे तिथल्या टाइल्स भिंतीपासून सुटल्यात. आत जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आहे, सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. मग वरून नटवून उपयोग काय? शिवाय फरशीवर फरशी चढली की उंची वाढणार, दार घासणार आणि पाणी जायच्या जाळीकडचा उतारही नव्याने काढावा लागणार.

आईचं म्हणणं, "तो रंग तुले काय खाई ऱ्हायना का?" खरं तर मलाही आवडतो.

म्हणून विचार असा की फक्त नळाची भिंत फोडून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकायचा, तिथे पांढऱ्या टाइल्स आणि पांढरंच बेसिन-कमोड बसवायचं, बाकी पोपटी तसंच. कुणी असं अर्धं काम केलंय का? जुन्या-नव्याचा सांधा कसा दिसतो? बोअरचं पाणी क्षाराचं, ॲसिडने धुऊन धुऊन टाइल्समधलं सिमेंट गेलंय. तिथे एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण) टिकेल का? आणि जुनी रंगीत बेसिन-कमोड विकणारा भंगारवाला कुणाच्या माहितीत असेल तर जरूर सांगा, झाकण मिळालं तर कमोडही पोपटीच ठेवता येईल.